१,९८,५८,५५,७६,१८९ ही संख्या हाताने कशी तपासावी : नवोदितांसाठी मार्गदर्शन

बारा अंकी संख्या समोर आली की बहुतेक जण ती थेट संगणकाला देतात, क्षणार्धात मूळ अवयव पडद्यावर उमटतात आणि प्रकरण तेथेच मिटते. यात गैर काही नाही. मात्र त्या संख्येचे गुणधर्म कोठून आले, हे त्यातून कळत नाही. हा लेख ज्यांना ते जाणून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी आहे. सातवी-आठवीपर्यंतचे गणित, विभाज्यतेच्या कसोट्या आणि थोडा धीर एवढ्यावर सर्व पायऱ्या पार पडतात.

उदाहरण म्हणून घेतलेली संख्या रेने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाची आहे. १६३८ मध्ये मारिन मर्सेन यांना लिहिलेल्या पत्रात त्याने असे मांडले, की २२,०२१ ही जर मूळ संख्या असती, तर तिला ९०,१८,००९ ने गुणून येणारी १,९८,५८,५५,७६,१८९ ही संख्या परिपूर्ण ठरली असती. ज्या संख्येच्या सर्व विभाजकांची बेरीज (ती संख्या स्वतः धरून) तिच्या दुपटीइतकी येते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६, २८, ४९६ आणि ८१२८ या पहिल्या चार होत. आजवर सापडलेल्या सर्व परिपूर्ण संख्या सम आहेत. विषम परिपूर्ण संख्या कोणालाही सापडलेली नाही आणि ती असूच शकत नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. असलीच तर ती दहाच्या दीड हजाराव्या घातापेक्षा मोठी असली पाहिजे, एवढे पास्कल ओशेम आणि मिखाएल राओ यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे देकार्तच्या वाक्यातील ‘जर’ किती वजनदार आहे, ते पुढे दिसेलच. आधीच सांगून ठेवतो, की चौथी पायरी वगळली तर बाकीचे सारे अचूक करूनही निष्कर्ष पूर्णपणे चुकतो.

लागणारे साहित्य

- चौकटीची वही. एका चौकटीत एकच अंक लिहावा. कोऱ्या कागदावर बारा अंकी भागाकार तिरपा जातो आणि अंक शेजारच्या रकान्यात सरकतात.
- बारा अंकी कॅल्क्युलेटर, म्हणजे दुकानांच्या गल्ल्यावर असतो तो. आठ किंवा दहा अंकी कॅल्क्युलेटर येथे अपुरा पडतो.
- १५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. त्या ३५ आहेत. यादी स्वतः तयार केलेली बरी.
- पेन्सिल, खोडरबर आणि ताळा पाहण्यासाठी वेगळे पान.

१. संख्या उतरवा आणि तिचे दोन प्रकारे गट पाडा

आपल्या पद्धतीने ही संख्या १,९८,५८,५५,७६,१८९ अशी लिहिली जाते आणि १९८ अब्ज ५८ कोटी ५५ लाख ७६ हजार १८९ अशी वाचली जाते. त्याखालीच ती उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून पुन्हा लिहा :

१९८ | ५८५ | ५७६ | १८९

तिसऱ्या पायरीतील कसोटी तीन अंकी गटांवर चालते. लाख-कोटींचे स्वल्पविराम तसेच ठेवून जे दोन अंकी गटांवर ती कसोटी लावतात, त्यांना भलतेच उत्तर मिळते आणि चूक कोठे झाली हे लवकर सापडत नाही, कारण आकडेमोड बिनचूक असते. म्हणून स्वल्पविराम असलेली ओळ केवळ वाचण्यासाठी ठेवा आणि कामाला दुसरी ओळ घ्या.

२. ३ आणि ९ ची कसोटी लावा

शेवटचा अंक ९ असल्याने २ आणि ५ लगेच बाद होतात. अंकांची बेरीज ७२ येते, म्हणजे संख्येला ९ ने भाग जातो. भागाकार करा :

१९८५८५५७६१८९ ÷ ९ = २२०६५०६४०२१

येथे हमखास चुकणारी जागा म्हणजे भागाकारातील शून्ये. या उत्तरात तीन शून्ये आहेत आणि त्यांतील एखादे गळले तरी पाहणाऱ्याला संख्या ठीकच वाटते. त्यावर उपाय असा, की भागाकार सुरू करण्यापूर्वीच उत्तरात किती अंक येणार ते ठरवून टाकावे. पहिला अंक १ हा ९ पेक्षा लहान आहे, तेव्हा उत्तर अकरा अंकी असले पाहिजे. अंक मोजा आणि मगच पुढे जा.

आता उत्तराच्या अंकांची बेरीज घ्या. ती २८ येते, म्हणून ३ ने आणखी भाग जात नाही. ही फेरतपासणी अनेक जण करत नाहीत. ९ ने भाग गेला यावरून ३ हा अवयव निदान दोनदा आहे एवढेच कळते. तो तिसऱ्यांदा आहे की नाही, हे भागाकाराला विचारल्याशिवाय समजत नाही.

३. १००१ ची कसोटी : ७, ११ आणि १३ एकाच वेळी

हा या तपासणीतील सर्वांत देखणा भाग आहे. ७ × ११ × १३ = १००१ होतात. १००० ही संख्या १००१ पेक्षा एकाने कमी असल्याने, तीन अंकी गट उजवीकडून आळीपाळीने मिळवले आणि वजा केले, की मूळ संख्येला १००१ ने भागल्यावर जी बाकी राहते तिच्याशी जुळणारी संख्या हाती येते. ती शून्य आली तर ७, ११ आणि १३ या तिघांनीही भाग जातो. आपल्या भागाकाराचे गट असे आहेत :

२२ | ०६५ | ०६४ | ०२१

२१ − ६४ + ६५ − २२ = ०

१००१ ने भागण्यासाठी लांबलचक मांडणी करण्याचीही गरज नाही. एखाद्या संख्येला १००१ ने गुणणे म्हणजे ती संख्या तीन स्थाने डावीकडे सरकवून तिच्यातच मिळवणे. भागाकार करताना हीच कृती उलट करायची. शेवटचा गट ०२१ तसाच उतरवा. त्याच्या डावीकडच्या ०६४ मधून ०२१ वजा करा, ०४३ राहतात. त्याच्याही डावीकडच्या ०६५ मधून ०४३ वजा करा, ०२२ राहतात. पहिल्या २२ मधून २२ गेले, शून्य उरले. भागाकार झाला २२ | ०४३ | ०२१.

याच भागाकाराला पुन्हा तीच कसोटी लावा : २१ − ४३ + २२ = ०. म्हणजे १००१ ने दुसऱ्यांदाही भाग जातो. ०२१ उतरवा, ४३ मधून २१ गेले २२, आणि २२ मधून २२ गेले शून्य. उरले २२ | ०२१. तिसऱ्यांदा कसोटी लावली तर २१ − २२ = −१ येते आणि वाट बंद होते; ७, ११, १३ यांपैकी कोणाचाही आता भाग जात नाही. एखाद्या गटातून वजाबाकी होत नसेल तर डावीकडच्या गटातून हातचा एक हजार घ्यावा लागतो. या संख्येत तशी वेळच येत नाही, पण दुसऱ्या संख्येवर ही रीत वापरताना ते लक्षात असू द्या.

आतापर्यंतची नोंद वहीत अशी होईल :

१९८५८५५७६१८९ = ३² × ७² × ११² × १३² × २२०२१

पहिल्या चार वर्गांचा गुणाकार ३००३² म्हणजे ९०,१८,००९ आहे. जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २२,०२१ च्या जागी ३७ चा वर्ग, म्हणजे १३६९ घेतला, तर गुणाकार १२३४५६५४३२१ येतो आणि तो सहा एकांच्या ११११११ चा वर्ग आहे. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी डोंबिवलीच्या नावावरून ज्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले, त्यांच्यापैकी ही एक.

४. उरलेली संख्या मूळ आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

२२,०२१ पाहताक्षणी मूळ वाटते. शेवटी १ आहे, ३ ने भाग जात नाही, ७, ११ आणि १३ नुकतेच बाद झाले आहेत. पण पाहून मूळ संख्या ठरत नाही. ५७, ९१ आणि १३३ यासुद्धा मूळ वाटतात. प्रत्यक्षात त्या ३ × १९, ७ × १३ आणि ७ × १९ आहेत. यांतील दोन पुढे पुन्हा भेटणार आहेत.

आधी कोठपर्यंत तपासायचे ते ठरवा. १४८² = २१,९०४ आणि १४९² = २२,२०१, म्हणजे २२,०२१ चे वर्गमूळ १४८ आणि १४९ यांच्या दरम्यान आहे. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव १४८ च्या आत असलाच पाहिजे, कारण दोन्ही अवयव १४८ हून मोठे असते तर त्यांचा गुणाकार २२,०२१ च्या पलीकडे गेला असता. म्हणून यादीतील १३९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरेशा आहेत. १३ पर्यंतच्या झालेल्याच आहेत, तेव्हा १७ पासून सुरुवात करा :

१७ × १२९५ = २२,०१५, बाकी ६.
१९ × ११५९ = २२,०२१, बाकी ०.

दुसऱ्याच प्रयत्नात उत्तर मिळाले. मात्र लगेच २३ कडे वळू नका. जिने भाग गेला तीच मूळ संख्या भागाकारावर पुन्हा लावून पाहायची, हा नियम येथे उपयोगी पडतो : ११५९ = १९ × ६१. आता ६१ ला २, ३, ५, ७ यांपैकी कोणाचाही भाग जात नाही आणि ८² = ६४ असल्याने त्यापुढे पाहण्याची गरज नाही. ६१ मूळ आहे. म्हणून संपूर्ण अवयव पुढीलप्रमाणे होतात :

१९८५८५५७६१८९ = ३² × ७² × ११² × १३² × १९² × ६१

५. विभाजक मोजा

प्रत्येक घातांकात एक मिळवून सर्वांचा गुणाकार करा : ३ × ३ × ३ × ३ × ३ × २ = ४८६. इतके विभाजक आहेत. २२,०२१ ला मूळ धरले असते तर ही संख्या १६२ आली असती. घातांकांपैकी ६१ चा घातांक विषम आहे, म्हणून संख्या पूर्ण वर्ग नाही. विभाजकांची संख्या सम येते ती त्याचमुळे.

६. विभाजकांची बेरीज काढा

४८६ विभाजक लिहून त्यांची बेरीज करण्याचे कारण नाही. प्रत्येक विभाजक हा प्रत्येक मूळ अवयवाचा एकेक घात निवडून तयार होतो, त्यामुळे प्रत्येक अवयवासाठी एक कंस मांडायचा आणि कंसांचा गुणाकार करायचा. आधी लहान संख्येवर करून पाहा : २८ = २² × ७, म्हणून (१ + २ + ४)(१ + ७) = ७ × ८ = ५६, म्हणजे २८ ची दुप्पट. आता आपल्या संख्येचे पहिले चार कंस घ्या :

१ + ३ + ९ = १३
१ + ७ + ४९ = ५७
१ + ११ + १२१ = १३३
१ + १३ + १६९ = १८३

१३ × ५७ = ७४१; ७४१ × १३३ = ९८,५५३; ९८,५५३ × १८३ = १,८०,३५,१९९.

येथे दोन वाटा फुटतात आणि दोन्ही चालून पाहणे उचित आहे. पहिली वाट म्हणजे २२,०२१ मूळ आहे असे मानणे. मग शेवटचा कंस १ + २२,०२१ = २२,०२२ होतो आणि बेरीज येते :

१,८०,३५,१९९ × २२,०२२ = ३,९७,१७,११,५२,३७८

मूळ संख्येची दुप्पट करून पाहा. तीही ३,९७,१७,११,५२,३७८ आहे. एकाचाही फरक नाही. जिने चौथी पायरी केलेली नाही अशा व्यक्तीच्या हाती या क्षणी, तिच्या हिशेबाने, जगातील पहिली विषम परिपूर्ण संख्या असते, आणि तिच्या गुणाकारात कोणालाही चूक काढता येत नाही.

दुसरी वाट खरी. १९² साठी कंस १ + १९ + ३६१ = ३८१ आणि ६१ साठी ६२; दोहोंचा गुणाकार २३,६२२.

१,८०,३५,१९९ × २३,६२२ = ४,२६,०२,७४,७०,७७८

ही बेरीज दुपटीपेक्षा २८,८५,६३,१८,४०० ने जास्त आहे. संख्या परिपूर्ण नाही, आणि ती थोडक्यात हुकली असेही म्हणता येत नाही, कारण जादा रक्कम अठ्ठावीस अब्जांच्या पुढे आहे.

७. ताळा पाहा, पण नवाच्या ताळ्यावर विसंबू नका

गुणाकार पडताळण्यासाठी शाळेत नवाचा ताळा शिकवतात. येथे तो आंधळा आहे. १,८०,३५,१९९ च्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे या संख्येला ९ ने भाग जातो. तिला कशानेही गुणले तरी गुणाकाराला ९ ने भाग जाणारच. २३,६२२ ऐवजी चुकून २३,६६२ लिहिले असते तरीही हा ताळा जुळला असता. म्हणून अकराचा ताळा घ्या : अंक उजवीकडून आळीपाळीने मिळवा आणि वजा करा.

१,८०,३५,१९९ साठी : ९ − ९ + १ − ५ + ३ − ० + ८ − १ = ६.
२३,६२२ साठी : २ − २ + ६ − ३ + २ = ५.
६ × ५ = ३०, ११ ने भागून बाकी ८.
४,२६,०२,७४,७०,७७८ साठी : ८ − ७ + ७ − ० + ७ − ४ + ७ − २ + ० − ६ + २ − ४ = ८. ताळा जुळला.

संगणकावर पडताळायचे असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्प्रेडशीटमध्ये पंधरा अंकांपर्यंतच अचूकता टिकते आणि त्यापुढील अंकांच्या जागी मुकाट्याने शून्ये बसतात. आपली बारा अंकी बेरीज त्यात सुरक्षित आहे, परंतु हीच सवय वीस अंकी संख्येवर नेऊ नये. पायथॉनमध्ये पूर्णांकांना अंकांची मर्यादा नसते, मात्र भागाकारासाठी दोन तिरप्या रेघांचे चिन्ह वापरा. एका रेघेने उत्तर दशांश रूपात येते आणि मोठ्या संख्यांत शेवटचे अंक बिघडतात.

८. २२,०२१ आली कोठून, हे स्वतः काढून पाहा

ही संख्या हवेतून पडलेली नाही. ९०,१८,००९ च्या विभाजकांची बेरीज १,८०,३५,१९९ आहे आणि ९०,१८,००९ ची दुप्पट १,८०,३६,०१८. दोहोंत अवघा ८१९ चा फरक आहे, म्हणजे हा वर्ग परिपूर्ण होण्याच्या अगदी जवळ येऊन थांबला आहे. आता या वर्गाला एखाद्या नव्या मूळ संख्येने गुणून नेमकी दुप्पट साधायची असेल, तर त्या मूळ संख्येला ८१९ ने गुणल्यावर १,८०,३५,१९९ आले पाहिजेत. भागाकार करा :

१,८०,३५,१९९ ÷ ८१९ = २२,०२१, बाकी ०.

भाग नि:शेष गेला, हेच नवल. पण हाच भागाकार अवयवांत लिहिला तर चौथ्या पायरीचे उत्तरही त्यातच दिसते. १,८०,३५,१९९ म्हणजे १३ × ५७ × १३३ × १८३, म्हणजेच १३ × (३ × १९) × (७ × १९) × (३ × ६१). ८१९ म्हणजे ३ × ३ × ७ × १३. एवढे छाटले की मागे १९ × १९ × ६१ उरतात. ज्या कंसांनी २२,०२१ दिली, त्यांनीच ती मूळ नाही हेही सांगून ठेवले होते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असे सिद्ध करण्यात आले, की ज्यांत कोणत्याही मूळ अवयवाचा घन नाही आणि भिन्न मूळ अवयव सातांपेक्षा कमी आहेत, अशा या जातीच्या विषम संख्यांमध्ये देकार्तची ही एकमेव आहे. तरीही शोधण्याची रीत हातात बसावी म्हणून लहान वर्गांवर सराव करावा. रीत अशी : विषम मूळ संख्यांचे काही वर्ग घेऊन गुणाकार करा, विभाजकांची बेरीज काढा, ती दुपटीतून वजा करा आणि जो फरक येईल त्याने बेरजेला भागा. बेरीज दुपटीपेक्षा मोठी आली तर तो गट तेथेच सोडून द्या. ३, ५ आणि ७ यांच्या वर्गांचे तसेच होते, कारण बेरीज २२,९७१ आणि दुप्पट २२,०५० येते.

३, ५ आणि ११ घेऊन पाहा. गुणाकार २७,२२५, बेरीज १३ × ३१ × १३३ = ५३,५९९, दुप्पट ५४,४५०, फरक ८५१. भागाकार जवळजवळ ६३ येतो, पण ८५१ × ६३ = ५३,६१३ असल्याने १४ कमी पडतात. आणि समजा तो नेमका ६३ आला असता, तरी वहीत पुढची नोंद चौथ्या पायरीचीच करावी लागली असती : ६३ = ३ × ३ × ७.